चित्र तेच, वाचन उलटे

‘२६/११’ म्हटले की आपल्याला मुंबईवरचा हल्ला आठवतो आणि ‘९/११’ म्हटले की न्यूयॉर्कवरचा. पहिला नोव्हेंबरमधला, दुसरा सप्टेंबरमधला. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकी माणूस महिना आधी लिहितो. २६/११ वाचताना घोटाळा होत नाही, कारण सव्विसावा महिना नसतोच. पण एखाद्या वैद्यकीय रिपोर्टवर नुसते ०५/०८ असेल तर? तो कागद पुण्यात छापला की शिकागोत, हे ठाऊक नसेल तर तारीख ५ ऑगस्ट की ८ मे, हे नुसत्या आकड्यांकडे पाहून कितीही हुशार माणसाला सांगता येणार नाही. आकडे बरोबर आहेत, छपाई स्वच्छ आहे, कागद फाटलेला नाही. कोणता आकडा आधी, एवढेच सांगायचे राहिले आहे.

आपल्या सीटी स्कॅन, एमआरआय आणि एक्स-रेच्या डिजिटल चित्रांतही हाच घोटाळा होऊ शकतो. एका संगणकाने लिहिलेले आकडे दुसरा संगणक उलट्या क्रमाने वाचतो आणि चांगल्या चित्राचा चिखल होतो. संगणकशास्त्रात याला बाइट-क्रमाचा प्रश्न म्हणतात. अभियंत्यांच्या दृष्टीने तो जुना, कंटाळवाणा आणि केव्हाच सुटलेला प्रश्न आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. तो सुटला कसा हे आपण विसरलो, तर आरोग्याच्या डिजिटल नोंदींत त्याच जातीचे नवे प्रश्न येतील आणि ते चिखलासारखे डोळ्यांना दिसणारही नाहीत.

एकशे पंचवीसची गंमत

बाइट-क्रम समजून घ्यायला मराठी माणसाला संगणक लागत नाही. ‘२५’ लिहिताना आपण दोन आधी लिहितो, बोलताना मात्र ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी, वीस नंतर. जुन्या ग्रंथांत अंकांऐवजी शब्द वापरत. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, बाण म्हणजे पाच. तिथेही नियम असा की अंक उजवीकडून डावीकडे मांडत जायचे. ‘बाण-नेत्र’ म्हणजे बावन्न नव्हे, पंचवीस. हा नियम ठाऊक नसलेल्याने शके वाचले तर ग्रंथाचा काळ भलताच निघतो.

याहून मजेदार गोष्ट ‘एकशे पंचवीस’ची. यात शतक आधी येते, मग एकक, मग दशक. लहानाकडून मोठ्याकडेही नाही आणि मोठ्याकडून लहानाकडेही नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एक असला तर मुलांना सोपे जाईल, ही डॉ. मंगला नारळीकर यांची बाजू होती. भाषेची लय जाईल, ही विरोधकांची. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी अर्थ होता. पण त्या वादात एक गोष्ट सगळ्यांना मान्य होती. संख्या तीच राहते, बदलतो तो फक्त क्रम. आणि सांगणारा व ऐकणारा यांचा क्रम एक नसेल तर पंचवीसचे बावन्न होतात.

संगणकात एक बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या. त्याहून मोठी संख्या साठवायची तर दोन बाइट लागतात. एक ‘दोनशे छप्पन्नां’चा, दुसरा सुट्यांचा. उदाहरणार्थ १०६४ ही संख्या म्हणजे २५६ चौक १०२४ आणि वर ४०. म्हणजे ४ आणि ४० असे दोन बाइट. आता हे दोन बाइट एकामागे एक ठेवताना आधी ४ ठेवायचा की ४०? गणिताच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळे ठरवले. आयबीएमने १९६४ च्या सिस्टीम/३६० मालिकेत मोठा भाग आधी ठेवला. इंटेलने १९७८ च्या ८०८६ मध्ये लहान भाग आधी ठेवला. पुढच्याच वर्षी आलेल्या मोटोरोलाच्या ६८००० ने पुन्हा मोठा भाग आधी ठेवला. आणि डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-११ या गाजलेल्या संगणकावर चार बाइटांची संख्या थेट आपल्या ‘एकशे पंचवीस’सारखी ठेवली जाई: मोठी जोडी आधी, पण प्रत्येक जोडीच्या आत लहान बाइट आधी.

या क्रमांना ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’ ही नावे डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या टिपणातून रूढ झाली. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडायचे की लहान, यावरून लिलिपुट देशात तंटे पेटतात. ती नावे कोहेनने उचलली. तारीख एप्रिल फूलची असली तरी म्हणणे गंभीर होते: कोणते टोक यापेक्षा सगळ्यांचे एकच टोक असणे महत्त्वाचे.

चित्राचे काय होते?

आता हे सीटी स्कॅनला लावून पाहू. सीटीचे चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो. बहुधा ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभ. प्रत्येक घरातला आकडा त्या ठिकाणची ऊती क्ष-किरण किती अडवते हे सांगतो. या मापाला सीटी स्कॅनरचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांचे नाव आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००. फाइलमध्ये उण्या संख्या टाळण्यासाठी अनेकदा १०२४ मिळवून आकडा ठेवतात. म्हणजे फाइलमधला १०६४ हा प्रत्यक्षात ४० हाउन्सफिल्ड झाला. मेंदूच्या किंवा यकृताच्या ऊतीचा आकडा साधारण याच्या आसपास असतो.

हे बाइट उलटे वाचले की ४ आणि ४० ऐवजी ४० आणि ४ होतात. चाळीस गुणिले २५६ अधिक ४, म्हणजे १०२४४. शेजारच्या घरातला १०६५ हा १०५०० होतो. एकाचा फरक २५६ चा झाला. पण खरा धिंगाणा पुढे आहे. १२७९ म्हणजे ४ आणि २५५. तो उलटून ६५२८४ होतो. त्याच्या लगतचा १२८० म्हणजे ५ आणि ०. तो उलटून होतो फक्त ५! जिथे ऊतीचा आकडा हळूच एकाने वाढला, तिथे पडद्यावर पांढऱ्याशुभ्रातून काळ्याकुट्टात उडी दिसते. म्हणून असे चित्र पट्ट्यापट्ट्यांचे आणि ठिपक्याठिपक्यांचे दिसते. फाइलमध्ये शून्य असलेल्या जागा मात्र उलटल्या तरी शून्यच राहतात. त्यामुळे कडेचा काळा भाग काळाच राहतो आणि मधे कवटीची किंवा पोटाची बाह्यरेषा ओळखू येते. आत सगळा भुसा.

कधी याच्या आधीच गाडी अडते. चित्राची रुंदी ५१२ म्हणजे २ आणि ०. ती उलटी वाचली तर रुंदी होते २. दोन घरांचे चित्र कोणी काय दाखवणार? अक्षरांचे हाल वेगळेच. अक्षरांना प्रत्येकी एक बाइट असेल तर ती उलटायची नसतात; पण दोन-दोनच्या जोड्या करून सरसकट सगळी फाइल उलटली की ‘युनिक्स’ या शब्दाची इंग्रजी अक्षरे ‘नुक्सी’ होऊन बाहेर येतात. संगणकवाले या घोटाळ्याला त्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे अक्षरशः ‘नागपूर’चे ‘गनारपू’ होईल. देवनागरीला युनिकोडमध्ये दोन बाइटांचा क्रमांक मिळाल्यावर दुसरीच गंमत झाली. ‘अ’चा क्रमांक ०९०५. बाइट उलटले की ०५०९, आणि तिथे रशियन लिपीच्या कुळातले एक अक्षर बसले आहे. ‘क’ उलटला तर तो थेट कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीत जाऊन पडतो!

ओरडणारी चूक बरी

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. उलट्या बाइटांचे चित्र इतके भयानक दिसते की ते पाहून कोणताही रेडिओलॉजिस्ट निदान करणार नाही. तो म्हणेल, फाइल खराब आहे, पुन्हा पाठवा. वेळ जातो, मनस्ताप होतो, पण रुग्णाला चुकीचे औषध मिळत नाही. ही चूक ओरडून स्वतःचे नाव सांगते.

खरी भीती तिच्या मुक्या भावंडांची. फाइलमध्ये १०२४ मिळवून ठेवले आहेत, ही सूचना वाचायची राहिली तर ४० चा १०६४ होतो; चित्र मात्र सुरेखच दिसते, कारण उजळपणा आपोआप जुळवून घेतला जातो. किंवा डावे-उजवे घ्या. मेंदूच्या संशोधनात ‘ॲनालाइझ’ नावाचा एक फाइल-प्रकार खूप वर्षे चालला. तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये तयार झाला होता. त्यात बाइट-क्रम ओळखायची एक सोपी युक्ती होती. फाइलच्या पहिल्या चार बाइटांत ३४८ हा आकडा असे, कारण सुरुवातीच्या माहितीचा भाग तेवढ्या बाइटांचा. तिथे ३४८ ऐवजी १५४ कोटींच्या वरचा आकडा आला की समजायचे, बाइट उलटे आहेत. पण डोक्याची डावी बाजू कोणती, हे त्या फाइलमध्ये निःसंदिग्धपणे लिहायची सोय नव्हती. एक सॉफ्टवेअर एक समजे, दुसरे दुसरेच. चित्र दोन्हीकडे निर्दोष, कारण मेंदूचे दोन अर्धे दिसायला जवळजवळ सारखे. म्हणून काही संशोधक एमआरआय करताना माणसाच्या कपाळाच्या एका बाजूला ‘ई’ जीवनसत्त्वाची गोळी चिकटवत. तेलाची ती गोळी चित्रात पांढरी चमकते. गोळी दिसली ती बाजू उजवी! पुढे ही त्रुटी भरून काढण्यासाठी ‘निफ्टी’ हा सुधारित प्रकार आला.

माणूस चित्र पाहत असतो तोवर निदान ओरडणारी चूक तरी पकडली जाते. पण आता चित्र पाहणारा नेहमी माणूसच असेल असे नाही. क्षयरोगाच्या तपासणीत छातीच्या एक्स-रेचे वाचन संगणकाकडून करून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता दिली. हृदयाच्या धमन्यांतले कॅल्शियम मोजताना १३० हाउन्सफिल्डच्या वरचा ठिपका कॅल्शियम धरायचा, ही नेहमीची पद्धत आहे आणि ते मोजकाम सॉफ्टवेअर करते. कर्करोगाच्या रेडिएशन उपचाराचे नियोजन करताना सीटीच्या आकड्यांवरून ऊतीची इलेक्ट्रॉन घनता काढतात आणि त्यावरून किरणांची मात्रा ठरते. या तिन्ही ठिकाणी चित्र हे चित्र नसून आकडा असतो. आणि आकडा खाणाऱ्या यंत्राला भुसा दिला तरी, त्याला तपासायला सांगितले नसेल, तर ते उत्तर देतेच. ‘मला हे चित्र विचित्र दिसते’ असे म्हणायचे भान त्याच्यात कोणीतरी आधी घालावे लागते.

उपाय हुशारीचा नव्हे, चिठ्ठीचा

मग हा प्रश्न सुटला कसा? अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना यांनी १९८३ मध्ये एक संयुक्त समिती नेमली. १९८५ मध्ये पहिले मानक आले, १९८८ मध्ये दुसरे आणि १९९३ मध्ये तिसरे, ज्याला आज आपण ‘डायकॉम’ म्हणतो. त्या काळात एका कंपनीच्या यंत्रावरचे चित्र दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडणे म्हणजे दिव्य होते. कुठे सन कंपनीची वर्कस्टेशन्स होती, त्यात मोठे टोक आधी. कुठे व्हॅक्स संगणक, त्यात लहान टोक आधी. टेबलावरचे पीसीही लहान टोकाचे.

डायकॉमने दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक यंत्राला समजलाच पाहिजे असा एक किमान क्रम ठरवून दिला: लहान टोक आधी. दोन, प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक छोटा भाग ठेवला, जो कायम एकाच क्रमात लिहिला जातो आणि पुढचा मजकूर कोणत्या क्रमात आहे हे सांगतो. ठिपक्यांनी जोडलेल्या आकड्यांचा एक लांब क्रमांक तिथे असतो. त्याचा शेवट २.१ असा असेल तर लहान टोक आधी, २.२ असा असेल तर मोठे. पाकिटावरचा पत्ता सगळ्यांना वाचता येईल अशा लिपीत लिहायचा आणि आतले पत्र कोणत्या भाषेत आहे तेही पाकिटावरच नोंदवायचे, असा हा प्रकार. पुढे २०१६ मध्ये मोठ्या टोकाचा पर्याय मानकातून निवृत्तही केला.

छायाचित्रांच्या ‘टिफ’ प्रकारात फाइलची पहिली दोन अक्षरेच हे काम करतात. ‘आय आय’ असेल तर इंटेलचा क्रम, ‘एम एम’ असेल तर मोटोरोलाचा. त्यापुढे ४२ हा आकडा, खात्री करून घेण्यासाठी. खगोलशास्त्रज्ञांनी तर १९८१ मध्येच ‘फिट्स’ हा चित्र-प्रकार जाहीर करून मोठे टोक आधी असे एकदाचे ठरवून टाकले. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तयार झालेली चित्रे आजही याच प्रकारात जगभर जातात. खगोलवाल्यांनी मोठे टोक निवडले, डॉक्टरांनी लहान. दोघांचेही काही बिघडले नाही. कोहेनचे म्हणणे खरे ठरले.

यातून मी एक तत्त्व काढतो. वाचणाऱ्याने अंदाज बांधू नये, लिहिणाऱ्याने सांगून ठेवावे. प्रोग्रॅम लिहिणारे कितीतरी लोक आजही उलटा विचार करतात: माझा संगणक कोणत्या टोकाचा, फाइल कोणत्या टोकाची, दोन्ही वेगळी असतील तर उलटा. रॉब पाइक या नामवंत प्रोग्रॅमरने २०१२ मध्ये दाखवून दिले की पहिला प्रश्न विचारायचीच गरज नसते. फाइलमध्ये लहान टोक आधी असेल तर पहिला बाइट अधिक दुसरा गुणिले २५६, एवढा हिशेब करा. तो कोणत्याही संगणकावर बरोबर येतो. आपले घर पूर्वाभिमुख की पश्चिमाभिमुख यावर पत्राचा अर्थ अवलंबून नसतो.

दुरुस्ती करणाऱ्यांची दुसरी खोड अधिक महागात पडते. चित्र बिघडलेले दिसले की कोणीतरी घाईने बाइट उलटवतो. पडद्यावर चित्र सुधारते, सगळे खूश. पण फाइलच्या सुरुवातीची चिठ्ठी तशीच राहते. पुढचे सॉफ्टवेअर चिठ्ठी वाचून इमानदारीने पुन्हा उलटवते आणि चित्र परत बिघडते. मग तिसरा माणूस त्याच्या दुरुस्तीची दुरुस्ती करतो. म्हणून अशा कामाचा शहाणा क्रम असा: मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचे. आधी चिठ्ठी वाचायची. दोन बाइटांचे आकडे उलटायचे, नावाची अक्षरे नाही. चिठ्ठीही बदलायची. आणि शेवटी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा गोष्टीवर तपासायचे: शरीराबाहेरची हवा उणे १००० च्या जवळ येते का, पाण्याने भरलेल्या चाचणीच्या डब्याचा आकडा शून्याच्या जवळ येतो का? चित्र ‘चांगले दिसते’ ही खात्री नव्हे.

आता हे उगाळायचे कशाला?

यावर आक्षेप येईल की आज जवळजवळ सगळे संगणक आणि मोबाइल लहान टोकाचेच आहेत, डायकॉम सगळीकडे आहे, मग हा जुना विषय कशाला?

पहिले कारण जुन्या फाइली. मानकातून एखादा पर्याय निवृत्त झाला म्हणून कपाटातली सीडी बदलत नाही. नव्या सॉफ्टवेअरवर निवृत्त क्रम वाचण्याची सक्ती नाही. त्यामुळे जुने चित्र उघडेलच याची हमी नाही. लहानपणी कर्करोगाचे उपचार झालेली मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. फुफ्फुसात एखादी गाठ दिसली की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, आधीचा स्कॅन आहे का? गाठ दहा वर्षांपूर्वी तेवढीच होती हे दिसले तर पुढची सुई आणि शस्त्रक्रिया वाचू शकते. जुने चित्र म्हणजे आठवणींचा अल्बम नाही, तो पुरावा आहे.

दुसरे कारण आपण ज्या वळणावर उभे आहोत ते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली, २०१६ मध्ये ती सुधारली, आणि चित्रांसाठी डायकॉमचे नाव त्यात आहे. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू आहे. म्हणजे कागदावर आपली तयारी उत्तम आहे. व्यवहारात मात्र रुग्णाच्या हातात काय असते? भिंगासारखी उजेडाला धरून पाहायची फिल्म आणि तिचा मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो. सीटीच्या एका ठिपक्यात साधारण ४०९६ छटांची जागा असते. मोबाइलच्या करड्या फोटोत उरतात २५६. शेकडो काप असलेल्या तपासणीतले मोजके काप फिल्मवर येतात, बाकीचे यंत्रातच राहतात. हाउन्सफिल्डचे आकडे तर कुठेच नाहीत. बाइटांचा क्रम नीट लावायला जगाने दहा वर्षे खर्च केली आणि आपण ते बाइटच फेकून देतो, असा हा व्यवहार आहे.

मला वाटते, चार गोष्टी सक्तीने व्हाव्यात.

एक, तपासणीचे पैसे दिलेल्या किंवा सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी झालेल्या प्रत्येक रुग्णाला मूळ डायकॉम फाइलींचा पूर्ण संच न मागता मिळावा. सीडीवर, पेनड्राइव्हवर किंवा लिंकने, कसाही. फिल्म ही सोय आहे, नोंद नव्हे.

दोन, यंत्रे आणि सॉफ्टवेअर विकत घेताना सरकारी निविदेत डायकॉमचे ‘कन्फॉर्मन्स स्टेटमेंट’ मागावे आणि ते वाचावेही. आपले यंत्र मानकाचा कोणता भाग पाळते हे उत्पादकाने त्यात लिहून द्यायचे असते. हा कागद फाइलला लावून ठेवण्यासाठी नसतो. खरेदीपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर चित्र उघडून, हवा आणि पाण्याचे आकडे तपासून मगच सही व्हावी.

तीन, चित्रांवरून आपोआप आकडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘मी हे वाचू शकत नाही’ म्हणण्याची परवानगीच नव्हे, सक्ती असावी. चिठ्ठी नसेल, डावे-उजवे स्पष्ट नसेल, हवेचा आकडा हवेसारखा येत नसेल, तर त्याने उत्तर देऊ नये. वैद्यकात ‘माहीत नाही’ हे उत्तर चुकीच्या उत्तरापेक्षा नेहमी सुरक्षित असते.

चार, मोठ्या रुग्णालयांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या जुन्या टेप, डिस्क आणि सीडी वाचता येतात तोवर आजच्या क्रमात आणाव्यात, मूळ प्रत जपून. सीडीचा थर उडाला की बाइटांचा क्रम ठाऊक असूनही उपयोग नाही.

वाचकांनी स्वतः करण्यासारखेही थोडे आहे. पुढच्या वेळी स्कॅन झाल्यावर काउंटरवर ‘डायकॉम फाइली द्या’ असे स्पष्ट मागा. सीडी घरी आणून कपाटात ठेवण्याआधी एकदा संगणकावर उघडून पाहा आणि सगळा फोल्डर जसाच्या तसा दुसरीकडे उतरवून ठेवा. त्यातल्या फाइलींची नावे बदलू नका, मधलीच एखादी उचलून पाठवू नका. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर फिल्मच्या फोटोऐवजी हा फोल्डर द्या.

लिलिपुटमध्ये अंड्याच्या टोकावरून माणसे मेली, ती स्विफ्टने रचलेली थट्टा होती. संगणकाच्या जगात त्या टोकावरून भांडण झाले, पण शेवटी माणसे एका टेबलावर बसली, एक क्रम ठरवला आणि तो फाइलवर लिहायची शिस्त लावून घेतली. त्यात कोणाच्या बुद्धीचा चमत्कार नव्हता. पुढचा वाचणारा आपल्यासारखाच वाचेल असे गृहीत धरायचे नाही, एवढीच काळजी होती. कदाचित तो दुसऱ्या गावातला असेल, दुसऱ्या कंपनीचा असेल, वीस वर्षांनंतरचा असेल किंवा माणूसच नसेल. रुग्णाच्या शरीराची नोंद लिहिणाऱ्या प्रत्येकाने, मग तो प्रोग्रॅमर असो, तंत्रज्ञ असो की रिपोर्टवर तारीख टाकणारा कारकून, ही काळजी घ्यायला हवी. सुरुवात सोपी आहे. ०५/०८ ऐवजी ५ ऑगस्ट असे अक्षरी लिहा.